भोपळ्यावरचा मेलितोन

डोंगरातल्या कोचास गावच्या फ्लोरिंदाचा एक नेम होता. दिवसभरात डोळ्यांना जे गमतीचं दिसेल ते ऊन उतरायच्या आत भोपळ्यावर गेलंच पाहिजे. पाद्रीबाबांचा बूट पळवणारं डुक्कर, वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे ढोलासकट धावणारा बँडवाला, सासूशी भांडून निलगिरीखाली एकटीच बटाटे सोलत बसलेली सून. वाळलेला भोपळा मांडीवर घ्यायचा, कोरणीने केसासारखी रेघ ओढायची, मग लाकडाचा निखारा फुंकत फुंकत तिच्यावरून फिरवायचा, की पिवळ्या सालीवर तपकिरी सावली उमटायची. कधी निखारा जास्त लागून डाग पडे. फ्लोरिंदा त्या डागाचा ढग करी, नाहीतर मेंढी. मेंढी झकास जमली की ती एकटीच इतकी हसे, की चुलीजवळ पाळलेले गिनीपिग दचकून कोपरा गाठत.

तिची आणखी एक खोडी होती, ती मात्र तिने कोणाला सांगितली नव्हती. प्रत्येक भोपळ्यावर कुठेतरी ती मेलितोनला लपवायची. मेलितोन म्हणजे तिला समुद्राकडच्या गावांतून भोपळे आणून देणारा माणूस. अकरा वर्षं तो महिन्यातून एकदा पोती घेऊन यायचा. तिच्या नातीच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, आणि तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणे, तो तिला कोमाद्रे. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, लोकरीच्या टोपीवर आणखी एक हॅट, आणि बसला की उजव्या पायाने डावी टाच खाजवत राहणार. हे ध्यान कोणाला कोरावंसं वाटणार नाही? कधी ती त्याला लग्नाच्या वरातीत बसवी, कधी चर्चच्या पायरीवर, कधी झाडाच्या फांदीवर. तो कुठे बसवायचा हे ठरवण्यातच तिची निम्मी सकाळ मजेत जाई.

जून महिन्यातल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका मंगळवारी एक बाई तिच्या दारात आली. पन्नाशीची, काळी शाल लुगड्यासारखी घट्ट लपेटलेली, थंडीने ओठ फुटलेले. नाव एदेल्मिरा. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून दोन दिवस बसने प्रवास करून आली होती. जवळच्या वानकायो शहरात रविवारच्या बाजारात दुकानोदुकानी फिरली, तेव्हा कोणीतरी फ्लोरिंदाचा पत्ता दिला होता. तिने शालीतून एक भोपळा काढून टेबलावर ठेवला. लेकीने लिमाहून वाढदिवसाला आणला होता म्हणे.

“हा तुम्हीच कोरलात?”

फ्लोरिंदाने ओळखला. बटाटे काढणीचा देखावा होता, दोन वर्षांपूर्वीचा.

“यातला हा माणूस,” एदेल्मिराने पोत्यांच्या राशीवर बसलेल्या, टाच खाजवणाऱ्या एका इवल्याशा आकृतीवर बोट ठेवलं, “हा तुमच्या मनातला आहे, की पाहिलेला?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची खोडी कोणीतरी पकडली होती. फ्लोरिंदाला इतका आनंद झाला, की तिने बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मनातला कसला, चांगला जिवंत माणूस आहे, म्हणाली. आमचा मेलितोन. ही बघा, दोन बोटं नाहीत. तिने फळीवरचे आणखी तीन भोपळे खाली घेतले, तीन ठिकाणचा मेलितोन दाखवला, तो कसा बसतो ते स्वतः बसून, टाच खाजवून दाखवलं. येत्या शुक्रवारी येणार आहे, हेही सांगून टाकलं.

मान वर केली तेव्हा बाई जमिनीवर बसली होती. भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर उताणे.

“त्याचं नाव नाझारियो,” ती म्हणाली. “तो माझा नवरा आहे. बारा वर्षांपूर्वी मी त्याला पुरलंय.”

फ्लोरिंदाच्या हातातला भोपळा सुटला, पण फुटला नाही. तिला आठवतं ते एवढंच, की तो गरगरत चुलीपर्यंत गेला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. बाई सांगत होती. डोंगराचा चिखल रस्त्यावर उतरला, बस वाहून गेली. निम्मी माणसं सापडलीच नाहीत. याची फक्त पिशवी मिळाली. तीच पेटीत ठेवून पुरली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. भोपळ्यावर नवऱ्याला पाहिल्यापासून ती सगळ्यांना सांगत सुटली, तर सगळ्यांचं एकच, बाईचं डोकं फिरलं. मुलगीसुद्धा तेच म्हणाली.

फ्लोरिंदाने तिला बटाटे उकडून दिले, चहा दिला, अंथरूण दिलं. गंमत म्हणून ओढलेली रेघ कोणाच्या घरात अशी जाऊन पडेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि मेलितोन? नातीला कडेवर घेऊन नाचणारा, फ्लोरिंदाचा नवरा वारला तेव्हा तीन दिवस घरची लाकडं फोडणारा मेलितोन? बुधवारी ती कोरायला बसली. आयुष्यात पहिल्यांदा कोरणी घसरली आणि अंगठ्यात शिरली.

गुरुवारी ती परसात गेली आणि त्याला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. त्याने लगेच उचलला. या खेपेला मोठे भोपळे आहेत, कोमाद्रे, एकावर अख्खं गाव मावेल, म्हणाला. येऊ नकोस, एवढे दोन शब्द तिच्या जिभेवर आले होते. आत एदेल्मिरा तिची भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

“ये,” फ्लोरिंदा म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवारी दुपारी तो आला. पाठीवर पोतं, तोंडात शीळ. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि समोर बायको. पोतं खांद्यावरून घसरलं, भोपळे खोलीभर गडगडले. त्याने आधी हॅट काढली, मग टोपी.

फ्लोरिंदाला वाटलं, आता ही बाई ओरडेल, त्याच्या अंगावर धावून जाईल. तसं काही झालं नाही.

“पाणी पी,” एदेल्मिरा म्हणाली. “लांबून आलायस.”

तो प्यायला. मग उभ्या उभ्याच सांगू लागला. त्या दिवशी वाटेत जेवायला उतरला होता, उशीर झाला, बस त्याला सोडूनच गेली. त्याची पिशवी तेवढी आत राहिली. दुसऱ्या दिवशी एका खानावळीत रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचत होते, त्यात त्याचं नाव आलं.

“ऐकलं आणि हलकं वाटलं,” तो म्हणाला. “खरं तेच सांगतो. आठ दिवसांनी जाईन म्हटलं. मग महिना झाला. मग कळलं की तुम्ही मला पुरलंत. मग कोणत्या तोंडाने येणार?”

“याच तोंडाने यायचं होतंस.”

फ्लोरिंदाला तिथे उभं राहवेना आणि बाहेरही जाववेना. त्याचं ‘हलकं वाटलं’ तिच्या कानात शिशासारखं उतरलं. अकरा वर्षं या माणसाची बोटं, टोप्या, टाच तिला पाठ होती. आत काय आहे याचा एक ठिपकासुद्धा तिला दिसला नव्हता.

एदेल्मिराने टेबलावरचा भोपळा त्याच्यापुढे धरला. त्याने तो उजेडाकडे नेला, डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं.

“मी असा बसतो?” त्याने फ्लोरिंदाला विचारलं.

अकरा वर्षं भोपळे वाहून आणणाऱ्या या माणसाने कोरलेला भोपळा एकदाही नीट पाहिला नव्हता.

एदेल्मिराने त्याला परत संसाराला बोलावलं नाही. तिला फक्त तो लेकीच्या समोर उभा करायचा होता, आई वेडी नाही एवढं कळण्यापुरता. संध्याकाळच्या बसने दोघं गेली. तो पुढच्या बाकावर, ती दोन बाकं मागे.

पुढचं फ्लोरिंदाला एदेल्मिराच्या फोनवरून कळलं. लेकीने पहिल्या दिवशी दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी उघडलं, बापाकडे पाहिलं, मग आईच्या पाया पडावं तशी तिच्या गुडघ्यांना मिठी मारून रडली. बापाशी बोलली नाही, पण त्याच्यासाठी दाराबाहेर खुर्ची ठेवली. आता तो लेकीच्याच गावात खोली घेऊन राहतो आणि कधीमधी त्या खुर्चीवर येऊन बसतो. कोचासला तो पुन्हा आला नाही. नात विचारते, तेव्हा फ्लोरिंदा काहीतरी बोलून वेळ मारून नेते.

दोन महिने तिने भोपळ्यावर माणूस कोरला नाही. पक्षी कोरले, बटाट्याची फुलं कोरली, आणि ती नीट जमली तरी हसू काही येईना. मग एका सकाळी पाव आणायला गेली असताना भट्टीवाली प्रुदेन्सिया दोन्ही कोपरांपर्यंत पिठात बुडून, नाकावर बसलेली माशी फुंकरीने उडवायची धडपड करत होती. खालचा ओठ पुढे काढून वरती फुंकर, माशी जाते, परत बसते. फ्लोरिंदाचे हात शिवशिवले. पण ती थांबली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने विचारलं, तुला कोरू का.

“सगळं गाव चढवलंस भोपळ्यावर,” प्रुदेन्सिया फणकारली, “मलाच काय वाळीत टाकलं होतंस? कोर. पण बारीक कोर हं मला. आणि कोणी ओळखणार असेल तर आधी सांग, केस विंचरून येते.”

फ्लोरिंदा घरी आली, निखारा फुंकला आणि ऊन उतरायच्या आत तिला कोरलं. बारीक मात्र केलं नाही.