नवनाथचा खाडा

हर्षल, तू मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. एक्क्याण्णवची गोष्ट आहे, तू सिल्वासात यायच्या आधीची. तेव्हा सामरवरणीच्या या खोलीत माझ्यासोबत साक्रीचा नवनाथ राहायचा. दोघं एकाच धाग्याच्या कारखान्यात, दोघं टेम्पररी. सुपरवायझर नारायणभाईने साफ सांगितलेलं, "दिवाळीला परमनंटची यादी निघेल. तोवर एक जरी खाडा पडला तर नाव कटाप."

पण नवनाथला खानवेलच्या पलीकडचे डोंगर बघायचेच होते. कारखान्याच्या गच्चीवरून रोज दिसायचे ना, निळे. म्हणाला, "लल्या, दोन वर्षं झाली, गेट आणि खोली सोडून आपण पाहिलंय काय? दुपारपाळी तीनला आहे. सकाळी जाऊ, येऊ."

निघालो. जीपला मागे लटकत खानवेल, पुढे पायी. चढ, मग सागाचं रान, मग एकदम उतार आणि खाली ती दरी. काय सांगू तुला, भात पिवळं पडलेलं, मधून नदी, आणि आवाज म्हणून नाही. नदीत पाय सोडून बसलो ते बसलोच.

आता गंमत बघ. घड्याळ दोघांकडे नाही. मशीनवर धागा अडकतो म्हणून हातात काही घालायला मनाई, त्यामुळे सवयच सुटलेली. उठायचं भोंग्यावर, जेवायचं भोंग्यावर. आणि आम्ही येडे तिथे मनात धरून बसलो, की भोंगा वाजला नाही म्हणजे वेळ आहे अजून. त्या दरीत कुठला भोंगा वाजतोय? पण खरंच तसं झालं.

वर एक झोपडी होती, चिंधाबाबा आणि तानूबाईची. पाणी मागायला गेलो तर म्हातारा म्हणाला, "आता जेवूनच जा." नवनाथ लगेच हो म्हणाला. तानूबाई घरातली नवी नागली, म्हणजे आपली नाचणी, जात्यावर दळायला बसली, मग चूल पेटवली. मी सहज विचारलं, "बाबा, किती वाजले असतील?"

त्याने सावलीकडे पाहिलं. "एक वाजून गेला असंल. पळालात तर सडकेला ट्रक मिळंल."

मी ताडकन उठलो. नवनाथला ओढलं तर उठेना.

"दळलंय रे त्यांनी आपल्यासाठी. मी हो म्हटलंय."

"खाडा पडेल, येड्या."

"पडू दे. दोन वर्षांत तुला कुणी बसवून वाढलंय का, सांग."

तानूबाई पीठ थापत म्हणाली, "बसा रे पोरांनो, पहिलीच भाकर टाकते."

मी पळालो रे. काट्याकुट्यातून सडकेपर्यंत, मग रेतीचा ट्रक, तीनला पाच कमी असताना गेटच्या आत. दिवाळीला माझं नाव लागलं. त्याचं नाही.

महिन्याभराने तो साक्रीला निघाला. एस.टी.त खिडकीशी बसून मला म्हणाला, "लल्या, भाकरीवर कच्चं तेल आणि तिखट दिलं होतं तिने. तू थांबायला हवा होतास." चिडून नाही रे, अगदी मनापासून सांगत होता.

तू असतास तर काय केलं असतंस?