थेंबाची नाडीपरीक्षा

भाचीचं पत्र कितीतरी दिवस माझ्या टेबलावर उत्तराविना पडून होतं. "मामा, बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात. थेंबमहाराजांच्या तव्यावर त्यांचा थेंब नाचला, म्हणजे म्हणे आजार गेला! आईला तर ते उडवूनच लावतात. तुम्ही जन्मभर प्रयोगशाळेत पाणी उकळलंत, तुमचं ऐकतील. दोन ओळी लिहा." मी लिहायला बसायचो आणि 'तवा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मत देणं योग्य नव्हे' इथंच अडायचो.

तेवढ्यात महाराज आमच्याच गल्लीतल्या सभागृहात अवतरले.

"चला," बायको म्हणाली. "तवा दारात आलाय. आता कसली वाट बघताय?"

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर गॅसची शेगडी, वर काळाकुट्ट तवा, बटणापाशी एक चेला. रोगी पाण्यात बोट बुडवून तव्यावर थेंब टाकी. थेंब चुर्र करून उडाला की महाराज गरजत, "गोळ्यांनी रक्त नासलंय, बाळा! गोळ्या सोड, सिद्धजल घे!" सिद्धजल घेऊन पुन्हा आलेल्याचा थेंब मात्र मोत्यासारखा गरगर नाचे. टाळ्यांनी छत हादरे.

"आग ओकणाऱ्या तव्यावर थेंब जिवंत!" शेजारी बसलेले आमच्या गल्लीतले शिंपी मला म्हणाले. "कुठं गेलं तुमचं विज्ञान?"

बायकोनं कोपरानं ढोसलं. मी उभा राहिलो. कसाबसा वर गेलो, थेंब टाकला. चुर्र!

"हाडापर्यंत रोग!"

"असेलही," मी म्हणालो. "पण महाराज, आच जरा मोठी करता का?"

"आच नको, श्रद्धा मोठी कर!"

"तिचं बटण कुठलं?" असं विचारत बायको वर चढलीच. "सरक रे बाबा," म्हणून तिनं चेल्याला बाजूला केलं आणि आच वाढवली.

तवा खूप तापल्यावर मी तेच बोट बुडवलं. थेंब टुणटुण नाचू लागला.

"बरा झालो वाटतं," मी पुटपुटलो. लोक हसले. "आता आच कमी करून महाराजांचा थेंब बघू या."

बायकोनं आच कमी केली. तवा जरा निवेपर्यंत थांबावं लागलं. ते मला जमतं. नोकरीत मी दुसरं काय केलं? महाराजांना जमेना.

"आमची ध्यानाची वेळ झाली."

"एक थेंब टाकून जा की!" शिंपी ओरडले. लोकांनी वाटच अडवली. महाराजांनी बोट झटकलं. चुर्र!

"अगं बाई, हाडापर्यंत!" बायको म्हणाली.

"तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणारे पुष्कळ पाहिले," शिंपी म्हणाले, "थेंब भाजणारा हा पहिलाच!"

घरी येताच मी लिहायला बसलो. "बाळ, हे बाबांना वाचून दाखव. भावजी, तवा बेताचा तापलेला असला की थेंब त्याला चिकटतो आणि लगेच उडून जातो. फार तापला की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते. तव्याची धग थेंबापर्यंत सावकाश पोचते आणि तो तरंगत नाचतो. त्यावरून तव्याचा ताप कळतो, माणसाचा नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरच्या तव्यावर करून पाहा. पण आधी आजच डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या सुरू करा."

मी दोन ठिकाणी 'बहुधा' लिहिलं होतं. बायकोनं दोन्ही खोडले आणि पत्र स्वतः पेटीत टाकून आली.