रेघ जिथे तुटली

शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, दोन प्लायचा सांधा जिथे येतो, तिथे काँक्रीटवर एक बारीक रेघ उमटते. तळघरातल्या त्या कॉलमवरही ती होती, छातीच्या उंचीवरून चारही अंगांनी सरळ गेलेली. फक्त एका बाजूला वीतभर अंतरात ती नव्हती. तिथला पृष्ठभाग नजरेला वेगळा दिसत नव्हता. बोट फिरवलं तरच गुळगुळीतपणा कळायचा. एडनाने बोट फिरवलं आणि यंत्र पुन्हा त्याच जागी टेकवलं.

यंत्र इस्त्रीएवढं, खाली स्प्रिंगवर बसवलेल्या टोकांच्या रांगा. ही टोकं काँक्रीटमध्ये कानाला न ऐकू येणारा आवाज सोडत आणि परत येणारा टिपत. कॉलम भरीव असला की आवाज पलीकडच्या अंगावर आपटून परतायचा आणि पडद्यावर तळाशी ठळक पट्टी उमटायची. या वीतभर जागेत पट्टी नव्हती. पट्टीच्या जागेच्या बरीच वर, कॉलमच्या पोटात, लाल डाग होता; आवाज मधूनच परतत होता.

"काय गं बाय, माझ्या कॉलमची सोनोग्राफी किती वेळा करणार?" मागून लिओ म्हणाला. "जुळी आहेत का?"

लिओ इथला साइट इंजिनिअर आणि एडनाचा मावसभाऊ. ती वसईहून दुबईत आली तेव्हा अल मनखूलच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलला पडदा लावून, कॅमिलावहिनीने तिची सोय केली होती. नोकरी लागेपर्यंत तिथे कुणी तिला किती दिवस राहणार असं विचारलं नव्हतं. टेस्टिंग लॅबमध्ये शब्द टाकला तोही लिओनेच.

अल बर्शातल्या या इमारतीचं काम अजून जमिनीच्या वर आलं नव्हतं. तळघराच्या डोक्यावरचा स्लॅब ओतायचा राहिला होता, आणि तो अडला होता एडनाच्या एका शब्दासाठी. कोअर, म्हणजे आतपर्यंत भोक पाडून काढलेला काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा, घ्यायचा की नाही हे यंत्र चालवणाऱ्यानेच जागेवर खडूने आखून सांगायचं, अशी लॅबची पद्धत होती. आत पोकळी निघाली तर कॉलम फोडावा लागणार होता. रुवैसच्या कामावर असा कॉलम फोडावा लागला तेव्हा लिओच्या कंपनीने तिथल्या इंजिनिअरला महिन्याच्या आत घरी पाठवलं होतं. लिओची मुलगी शेनॉन बारावीला होती.

पहिल्या वेळी एडनाने, इथे सळ्या दाट आहेत, सावली पडत असेल, असं मनाशी म्हणून घेतलं. मग तिने यंत्र आडवं फिरवून पाहिलं. सळ्यांची सावली असती तर बदलली असती. डाग तसाच राहिला. आज तिने समोरच्या अंगाने पाहिलं होतं, आणि तिकडून मोजलेली खोलीही त्याच जागेवर बोट ठेवत होती. दर वेळी लॅबमधल्या तिच्या वरिष्ठांना, उपेंद्रसरांना, तिने एकच सांगितलं होतं: अजून एकदा बघते.

फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून शेजारच्या उपड्या बादलीवर ठेवला. उपेंद्रसर वैतागलेले होते. "एडना, यल्ला, आटप लवकर. कोअर नको म्हण, खलास, उद्या ते स्लॅब ओततील. हवा असेल तर तसं सांग. पण आज सांग."

लिओ दोन पावलं जवळ आला. फोनमध्ये जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "ओतताना मी शेवटपर्यंत इथे उभा होतो. व्हायब्रेटर माझ्यासमोर फिरलाय, पोकळी राहील कशी?"

हा कॉलम गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी ओतला होता. त्याच संध्याकाळी चर्चमधल्या मिस्सामध्ये फादरनी ज्या बारा जणांचे पाय धुतले, त्यांत लिओ होता. एडना तिसऱ्या बाकावर होती. त्याच्या नखांच्या कडांना सिमेंट तसंच राहिलेलं तिला दिसलं होतं, आणि पाय पुसून घेताना त्याने तिच्याकडे बघून डोळा मिचकावला होता.

लिओने हेल्मेट काढलं, आतल्या पट्टीवरचा घाम अंगठ्याने पुसला आणि गुळगुळीत जागेकडे पाहिलं. रेघ झाकणारा तो गिलावा त्याने स्वतः केला होता. त्याचा हात चांगला होता.

"शेनॉनची परीक्षा होऊ दे, बाय," तो म्हणाला.

"तोवर वर स्लॅब असेल, दादा. त्याच्यावर पुढचा."

"हॅलो," फोनमधून उपेंद्रसर म्हणाले. "कोण आहे तिथे?"

एडनाने खिशातून खडू काढला. रेघ जिथे तुटली होती, तिथे एक वर्तुळ काढलं. नेहमीच्या सवयीने मध्यावर फुली मारली. मग ती फोनकडे वळली. आवाज नेहमीसारखाच होता.

"सर, कोअर घ्यायचा. जागा आखली आहे. स्लॅब थांबवा."