डावीकडची चाकं

"इथे आहे बघ," विनायकराव म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि पाटावर आडव्या ठेवलेल्या गाडीच्या चाकाच्या कडेवर बोट थांबलेलं होतं.

शकुनताईंनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. काही म्हणता काही दिसेना. "गुळगुळीत तर आहे की हो."

"बोट लाव."

लावलं, तरी कळेना. तेव्हा विनायकरावांनी बायकोचं बोट धरून जरासं मागेपुढे केलं आणि तांदळाच्या कणीएवढा खडबडीतपणा त्यांना लागला. शकुनताई थक्क झाल्या. चांगल्या उजेडात, चष्मा लावून जे त्यांना सापडत नव्हतं, ते या माणसाने डोळे मिटून शोधलं होतं.

हा माणूस म्हणजे जन्मभर कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत फायलींवर सह्या केलेला. घरातला दिव्याचा बल्ब बदलायलाही शेजारच्या दादांना हाक मारायचा. आणि गेल्या दुर्गापूजेपासून बेहालाच्या या घरातल्या गॅरेजमध्ये बसून, खरचटलेली चाकं नव्यासारखी करत होता. आधी साबणाने धुवायची, पॉलिशपेपरने घासायची, खळगा पडला असेल तिथे पुट्टी भरायची आणि वाळली की पुन्हा घासायची. मग टायर आणि चाक यांच्या फटीत रमीचे जुने पत्ते खोचायचे, म्हणजे रबरावर रंग उडत नाही. राजे, राण्या, गुलाम सगळे चाकाभोवती पंगतीला बसल्यासारखे दिसत. त्यानंतर स्प्रेचा डबा हलवून रंगाचे पातळ हात एकावर एक. रंग कुठे ओघळला नाही की फुगला नाही.

या हातांमध्ये एवढी करामत होती, आणि आपण इतकी वर्षं त्यांत फक्त भाजीची पिशवी दिली, असं शकुनताईंच्या मनात आलं. त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटला. थोडा स्वतःचा रागही आला.

दुसरा राग दुपारी जेवताना आला. विनायकरावांनी भाजी, आमटी, भात सगळं चाटूनपुसून संपवलं आणि ताटाच्या डाव्या बाजूला हात लावला नाही. चटणी तशीच, काकडीची कोशिंबीर तशीच, लिंबाची फोडसुद्धा तशीच. कितीतरी दिवस हेच चाललं होतं.

"माझ्या हाताची चव गेली असेल तर सांगून टाका ना," त्या फणकारल्या. "रोज का टाकून द्यायला लावता?"

"काय टाकलं मी?"

यावर बोलण्यात अर्थ नव्हता. शकुनताईंनी त्यांचं ताट धरलं आणि रागारागाने गर्रकन फिरवलं.

"अरे वा, कोशिंबीर!" विनायकराव म्हणाले आणि मनापासून जेवू लागले.

शकुनताईंचा हात तिथेच थांबला. मग त्या उठल्या आणि गॅरेजमध्ये गेल्या. गाडीची उजवी बाजू आपल्या चाकांवर गाईसारखी निवांत उभी होती. पत्ते खोचलेलं एक चाक भिंतीशी ठेवलं होतं, दुसरं पाटावर होतं. दोन्ही डावीकडची. मागच्या वेळीही डावीकडचीच होती, त्याच्या आधीही. फूटपाथच्या बाजूची. उजवीकडच्या चाकांना आजवर हात लावावाच लागला नव्हता.

विनायकराव हात धुऊन मागोमाग आले आणि पाटासमोर बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की हिला कळलं.

"कधीपासून?" शकुनताईंनी विचारलं.

"पूजेच्या आधीपासून. डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. डोळे ठीक आहेत म्हणाले. डोक्यात कुठेतरी रक्त अडलं होतं, मला पत्ताही लागला नाही. त्यात डावीकडचं दिसणं गेलं. दोन्ही डोळ्यांचं."

"आणि गाडी चालवा म्हणाले?"

विनायकरावांनी पॉलिशपेपरचा तुकडा उचलला, पाण्यात बुडवला. "मी सावकाश चालवतो गं. फूटपाथ घासला की लगेच कळतं."

"आणि माणूस घासला की?"

पॉलिशपेपरमधून पाणी ठिबकत राहिलं. एवढी सुंदर कारागिरी कशासाठी चालली होती, ते आता स्पष्ट झालं होतं. सून वृषालीने, शेजाऱ्यांनी चाकांवरचे ओरखडे पाहू नयेत म्हणून. शकुनताईंना भीती वाटली, संताप आला, आणि या सगळ्यात ते कौतुकही गेलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"रविवारी वृषाली येतेय ईशाला घेऊन," त्या म्हणाल्या. "तुम्ही बजबजला नेणार, नदी दाखवणार, म्हणून नात नाचतेय तुमची. ईशा नेहमी पुढे बसते. तुमच्या डावीकडे."

विनायकरावांनी पुन्हा डोळे मिटले आणि कड घासायला सुरुवात केली. तो आवाज शकुनताईंना स्वयंपाकघरातही ऐकू येत होता.

ते काय ठरवणार, याचा शकुनताईंना रविवारपर्यंत अंदाज लागला नाही. विचारायचा धीरही झाला नाही. मात्र किल्ली हातात घेऊन ते स्टिअरिंगकडे निघाले, तर गाडीसमोर आडवं उभं राहायचं, एवढं त्यांनी पक्कं ठरवलं होतं.

रविवारी गाडी फाटकाबाहेर उभी होती. चारही चाकं लखलखत होती. आता लपवायला काही उरलं नव्हतं, तरी विनायकरावांनी काम अर्धवट टाकलं नव्हतं.

"आजोबा, नवीन गाडी घेतला?" ईशा ओरडली. तिचं मराठी असंच होतं, कोलकात्यात वाढलेलं. "मी समोर बसणार, पाक्का!"

विनायकराव सुनेसमोर जाऊन ताठ उभे राहिले. ही गाडी त्यांनी सख्ख्या मुलाच्या हातीही कधी दिली नव्हती. त्यांनी किल्ली पुढे केली.

"वृषाली, तू चालव. मला डावीकडचं दिसत नाही."

रेल्वेगाडी उशिराने धावते आहे, हे प्रवाशांना सांगावं तितक्या साध्या आवाजात ते म्हणाले. वृषाली किल्ली घ्यायचीच विसरली. "बाबा, म्हणजे काय झालंय? कधी?"

"सांगतो सगळं. आधी निघू, ऊन होईल."

बेहालाच्या त्या गल्लीत उभ्या राहून शकुनताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. चाकावरचा बारीक चरा शोधणारं बोट मोठं की हे एक वाक्य, ते त्यांना ठरवता येईना. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

विनायकराव मागे बसले. शकुनताई मुद्दाम वळसा घालून पलीकडच्या दाराने आत आल्या आणि त्यांच्या डाव्या हाताला बसल्या.

बजबजच्या पुढे रस्ता वळला आणि गंगा डावीकडे आली. भरतीचं पाणी, त्यावर पसरलेलं ऊन. "आजोबा, जाहाज! जाहाज!" ईशा पुढून ओरडली. विनायकरावांनी मान वळवली, पण पुरेशी नाही. ते समोरच्या सीटकडेच बघत राहिले. मग त्यांचा हात चाचपडत आला आणि शकुनताईंच्या हातावर थांबला.

"शकुन," ते हळूच म्हणाले, "डावीकडे काय आहे गं?"

संसारात त्यांनी बायकोला रस्ता कधी विचारला नव्हता. शकुनताईंनी काच खाली केली.

"नदी आहे. खूप रुंद. पलीकडच्या काठावर झाडं आहेत, अंधुक दिसताहेत. मधे एक मोठं जहाज आहे, काळं, आणि त्याच्या बाजूने..."

"हळू," विनायकराव म्हणाले. "हळू सांग. काही गाळू नकोस."