साध्या पाण्याची बरणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी, मुक्काम ढाणकी. भट्टीतून निघाले तेव्हा मोठी नखरेल होते. पण नशिबी आलं लिंबाचं लोणचं! नंदाबाईच्या घरी मी ते वर्षानुवर्षं सांभाळलं, पाहुण्यांची वाहवा ऐकली. मग झाकण हरवलं आणि मी माळ्यावर धूळ खात पडले. फार वाईट वाटायचं.

मला खाली उतरवलं तिच्या लेकीनं, पायलनं. नंदाबाई बाजारात बर्फाचे गोळे विकते. गाडी धुतली की रंगाचं पाणी नालीतून तळ्यात जातं. त्यानं तिथले जीव मरतात का, हे पायलला कॉलेजच्या प्रयोगासाठी पाहायचं होतं. तिनं तळ्यातून पाणपिसवा आणल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, सारख्या उड्या मारणाऱ्या. त्या तीन बरण्यांत सोडल्या. एका बरणीत गोळ्याचा रंग थोडा घातला, दुसरीत गडद. तिसरी मी, माझ्यात रंग नाही, नुसतं पाणी. माझ्याकडे कोण बघतंय! मी मनातून रुसलेच.

सकाळी रंगीत बरण्यांतले सगळे जीव तळाशी पडलेले.

"आई, गाडी बंद कर. तुह्या रंगानंच मेल्या," पायल म्हणाली.

नंदाबाईचा चेहरा उतरला. त्या गाडीवर घर चालतं. ती रंगाच्या बाटल्या आवरू लागली. इकडे पायलनं मला विसळायला उचललं आणि तिचा हात थबकला. माझ्यातल्याही मेल्या होत्या.

आपल्याकडे नळ आला की शिळं पाणी ओतून ताजं भरतात. पायलनंही तिन्ही बरण्यांत कौतुकानं ताजंच भरलं होतं, ब्लीचिंग पावडरचा वास येणारं, अशा इवल्या जिवांना विषच.

"आई, थांब वं! ह्या मीच मारल्या."

"मंग माहा रंग चांगला हाये?"

"ते अजून मले मालूम नाही."

या वेळी तिनं नव्या पाणपिसवा आणल्या आणि तळ्याचंच पाणी गाळून भरलं. माझ्यात पाणपिसवा खुशाल नाचत राहिल्या. थोड्या रंगात बऱ्याचशा जगल्या. गडद रंगात एकही हलेना. पायलला आईला सांगवेना. डोळे भरून आले, पण तिनं सांगितलं.

नंदाबाईनं वाकून माझ्यात पाहिलं. "ह्या तं जित्या हायेत," ती हळूच म्हणाली. आता ती धुण्याचं पाणी नालीत सोडत नाही, परसातल्या खड्ड्यात ओतते. गोळेही फिके झालेत, पोरं कुरकुरतात.

मित्रांनो, साध्या बरणीला कमी लेखू नका. कुणावर बोट ठेवण्याआधी तिच्यात एकदा डोकावा. आणि तिच्यातला जीव उड्या मारत असेल, तर मग खरं बोलायला कचरू नका, समोर आई असली तरी.