फुलीचा बटाटा

शेडमधला बटाटा निवडायचा पट्टा सकाळी जो सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. बटाटा आपला येतोय, येतोय, येतोय. टेंपोवालीची बोटं चालत होती, कंबर मात्र कधीच मेली होती. हिरवा, कापलेला, किडका बटाटा उचलायचा, अंगठ्याच्या नखानं त्याच्यावर खूण करायची अन् मागच्या बादेच्या, म्हणजे टाकाऊ मालाच्या, क्रेटात टाकायचा. चांगला माल बादेत कोण घालतंय ते कळावं म्हणून मालकानं काढलेली ही अक्कल. दर बाईची खूण निराळी. टेंपोवालीची एक आडवी रेघ, मुकादमिणीची फुली, कारण तीही मधूनमधून पट्ट्याला हात लावायची.

क्रेट तपासायचं काम मुकादमिणीचं. बाई कसली, तोंडाचा पट्टा! चांगला बटाटा चुकून बादेत दिसला की, डोळे घरी ठेवून आलीस काय गं, म्हणून शेडभर ऐकवायची. बादेचा माल दर गुरुवारी तीन कोसांवरच्या चर्चमध्ये जायचा. तिथं गरिबाला आठवड्याचं धान्य, भाजी, डबाबंद जिन्नस फुकट मिळतात. मुकादमीण म्हणायची, बाद माल बाद माणसांना, बरोबर जागी जातोय.

टेंपोवाली तेव्हा मान खाली घालायची. कारण गेले दोन गुरुवार अर्धी पाळी संपली की डोक्यावरून ओढणी घेऊन तीच त्या रांगेत उभी राहत होती. नवरा विटांची गाडी उतरवताना पडला, खुबा मोडला, अन् घरात दाणा येणं थांबलं. शेडमध्ये तिला टेंपोवाली म्हणत ते त्याच्याच टेंपोवरून. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाव होतं तेवढं राहू दे, असं तिला वाटायचं.

एक गंमत मात्र झाली होती. चर्चच्या पिशवीत तिला मोठमोठे, निखळ बटाटे मिळाले, अन् त्यांच्यावर फुली! म्हाताऱ्या मुकादमिणीची नजर गेली म्हणायची, असं मनात आलं अन् तिला जरा बरंही वाटलं. खोटं कशाला बोला.

पण आजचा गुरुवार नुसत्या पिशवीचा नव्हता. टेंपोच्या हप्त्यांची पाकिटं महिनोन् महिने येत होती, अन् ती न फोडता उशीच्या अभ्र्यात कोंबत होती. परवा कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दारात येऊन सांगून गेला, शुक्रवारी गाडी ओढून नेणार. गाडी गेली तर नवरा उठून करणार काय? फादर मागच्या खेपेला म्हणाले होते, कोपऱ्यातल्या टेबलाशी हिशेबाची बाई बसते, कर्जाचं ती बघते, असतील नसतील ते सगळे कागद घेऊन ये.

म्हणून ती अभ्रा छातीशी धरून चर्चच्या हॉलमध्ये शिरली. टेबलासमोरच्या खुर्चीत एक पाठ दिसली. तो अंबाडा, तो निळा चाप. मुकादमीण!  टेंपोवाली मागच्या पावली फिरली, तोच बाकाला धडकली अन् अभ्र्यातली पाकिटं फरशीवर पसरली.

मुकादमीण वळली. तिच्याही मांडीवर तसलीच पाकिटं होती.

 मग मुकादमीण खाली वाकली अन् पाकिटं गोळा करू लागली.

"पळतेस कुठं? बघायचं ते बघितलंस ना? बस आता."

जावयाला जामीन राहिले, तो पळाला, लेक दोन पोरांसकट माझ्या घरी आली, असं तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. टेंपोवालीनं आपलं सांगितलं.

"उघड्याकडं नागडं गेलं अन् रात्रभर थंडीनं मेलं," मुकादमीण म्हणाली अन् खुर्चीतून उठली. "तू बस आधी. तुझं उद्यावर आलंय. माझं कर्ज पुढच्या गुरुवारपर्यंत काही मरत नाही."

हिशेबाची बाई एकेक पाकीट फोडू लागली. पाचव्याला थांबली. कमावत्या माणसाला इजा झाली असेल तर दवाखान्याचा कागद पाठवा, तो उठेस्तोवर हप्ते थांबवू, असं कंपनीनंच चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं.

"न फोडल्यानं कर्ज मरत नाही, बाई," ती म्हणाली. "त्याला आत पिल्लं होतात."

तिनं तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाद घातला, लिहून घेतलं. कागद आजच्या आज पोचला तर तीन महिने गाडीला हात लावणार नाहीत. टेंपोवालीला आनंद व्हायला हवा होता. पण तिला नुसतं रडू आलं, अन् मग अशी झोप आली की तिथंच बाकावर आडवं व्हावंसं वाटलं. चार महिने ती त्या कागदावर डोकं ठेवून जागत होती. मुकादमिणीनं तिची पिशवी उचलली अन् दोघी दवाखान्याकडं चालू लागल्या. बटाट्यांचा विषय दोघींनी काढला नाही.

शुक्रवारी पट्टा पुन्हा सुरू. घरी टेंपो दारातच उभा होता. पट्ट्यावरून एक मोठा, स्वच्छ बटाटा आला. टेंपोवालीनं तो उचलला. म्हातारीची नजर गेली नव्हती, हे तिला आता कळलं होतं. फुली मारली असती तर म्हातारी एकटीच सापडली असती. तिनं आपली आडवी रेघ मारली अन् बटाटा मागं टाकला.

दुपारी मुकादमीण क्रेट तपासत आली. तो बटाटा तिच्या हातात आला. तिनं तो फिरवून बघितला, रेघेवरून अंगठा फिरवला.

"हिरवा आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, अन् तो परत बादेत ठेवला.