दोन गाठींची कोयती

मित्रांनो, मी एक जुनी कोयती आहे. जुनी आहे, भंगार नाही. यातला फरक ज्याला कळत नाही त्याने पुढे वाचू नये.

कळंबोलीला एका ट्रकचा पाटा तुटला, त्या पोलादाची मी. पनवेलच्या लोहाराने मला ठोकून चोच दिली, धार दिली. विचुंब्याच्या महादेवने मला विकत घेतलं ते बायकोसाठी. बायको म्हणजे शांती. भातगिरणीच्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. उरलेल्या अंगठ्यात आणि करंगळीत माझी मूठ टिकेना. मग महादेवने मुठीला भोक पाडून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओवली आणि मला तिच्या मनगटाला बांधलं. पुढे डाव्या हाताने आणि दातांनी ती स्वतःच गाठ मारायची. एकच गाठ. म्हणायची, "ही कुठं पळून जाते?"

आमची लाकडं तोडायची रीत वेगळी. फांदी डाव्या पायाखाली दाबायची, दोन तिरके घाव, फांदी फिरवायची, पुन्हा दोन घाव. मग आंब्याच्या बेचक्यात अडकवून अंगाच्या भाराने मोडायची. मोळी डोक्यावर चढवायला दोन धड हात लागतात. ते नव्हते, म्हणून मोळी गोणपाटावर ठेवून, दोरी कमरेला बांधून ओढत आणायची.

शेजारची जनी कुंपणावरून ओरडायची, "शांते, बैलाची नोकरी धरलीस का गं?"

"बैलाला वैरण तरी मिळते! तू चाय तरी दे!"

आणि जनी खरंच चहा आणायची.

शांतीची नात मनस्वी लहानपणी मला नारळाच्या शेंडीने घासून काढायची आणि सगळ्यांना सांगायची, "ही माझ्या आजीची तीन बोटं." माझं एवढं कौतुक कुणी केलं नाही.

महादेव गेला. घर दुमजली झालं, गॅस आला, चूल परसात गेली. मी खिळ्यावर लटकले. तरी शांतीने मला भंगारात दिलं नाही.

यंदा दिवाळी सरली आणि तिने मला पुन्हा रोज काढलं. आता गुडघाही सुजतो तिचा. नव्या इमारतींसाठी जिथे झाडं पाडली तिथे आम्ही जायचो. गिरिपुष्पाच्या हलक्या लाकडाकडे ती बघायचीही नाही. फक्त चिंच आणि बाभूळ, कारण त्यांचा निखारा टिकतो. चार महिन्यांत परसातला ढीग खिडकीला लागला.

कशासाठी, ते तिला आणि मलाच ठाऊक. चैत्रात मनस्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. तिच्या अंघोळीचं पाणी, तिचा आणि बाळाचा शेक, सगळं त्या लाकडावर व्हायचं होतं. पण मूल पोटात असताना तयारी बोलून दाखवायची नाही, अशी शांतीची समजूत. तिचं स्वतःचं पहिलं मूल असंच, सगळी तयारी बोलून दाखवल्यावर गेलं होतं. म्हणून ती गप्प.

मनस्वीचा बाप निकेश, शांतीचा मुलगा, तो मात्र गप्प नव्हता. "आये, यो कचरा कवा हलवशील? गाडी लावू कुठं?"

"तुझ्या डोक्यात लाव. तिथं जागा लय हाय."

होळीच्या दिवशी शांती पनवेलच्या बाजारात गेली, गुपचूप अळीव आणि डिंक आणायला. इकडे गावची पोरं होळीसाठी लाकडं मागत दारात आली. निकेशने मला खिळ्यावरून काढलं. त्याची पकड चांगली होती, पाच बोटांची. त्याने माझ्याच धारेने शांतीच्या एकेका मोळीची दोरी कापली. सगळा ढीग टेम्पोत भरला, मलाही त्यात टाकलं, आणि गावदेवीच्या मैदानात नेऊन ओतला.

शांती परतली तर परस झाडून लख्ख आणि तिथे गाडी उभी. ती पाय ओढत मैदानात आली तेव्हा होळीची पूजा झाली होती. होळीला वाहिलेलं लाकूड माघारी नेत नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

निकेश हसत पुढे आला. "आये, बघ! यंदा सगळ्यात जास्त लाकूड आपल्या घरचं. नाव झालं तुझं!"

तिने अळिवाची पुडी त्याच्या हातात ठेवली.

"काय यो?"

"तुझ्या लेकीच्या शेकाचं लाकूड होतं ते. आता हे कच्चंच घाल तिला खायला."

त्याचा चेहरा उतरला. "आये, मग बोलली का नाय तू?"

"पोटातल्या पोराचं बोलतात का? आणि कचरा बोलायच्या आधी तू इचारलंस का?"

होळी पेटली. चिंच चांगली पेटते, मित्रांनो. मीच तोडली होती. शांतीने ती शेवटपर्यंत पाहिली. मग टेम्पोत पडलेली मी तिला दिसले. माझ्या चोचीत तिच्या दोरीचे धागे अडकले होते.

"तू बी?" एवढंच ती म्हणाली.

लोखंडाला तोंड नसतं. मी तिचा हात होते, आणि तिच्याच हाताने तिचं केलेलं मोडलं, हे मी कुणाला सांगू?

दुसऱ्या दिवशी निकेशने मला परत खिळ्याला अडकवलं आणि वखारीतून टेम्पोभर लाकूड आणलं. चिरलेलं, सरळ, एकसारखं. गाडी रस्त्यावर गेली. शांतीने त्या लाकडाला हात लावला नाही, की मलाही. सहाव्या दिवशी मात्र तिने मला उतरवलं. धागे उपटून फेकले. पट्टी मनगटाला गुंडाळली, दातांनी ओढून गाठ मारली. थांबली. माझ्याकडे बघितलं. आणि वर दुसरी गाठ मारली.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही रचून ठेवलं असेल, तर हलवण्याआधी एकदा विचारा. ते कुणासाठी आहे, तुम्हाला ठाऊक नसतं. कदाचित तुमच्यासाठीच असेल.

मनस्वी आली. मुलगी झाली. पहिला शेक आम्ही नव्याने तोडलेल्या चिंचेच्या निखाऱ्यावर झाला, निकेशच्या लाकडावर नुसतं पाणी तापलं. सगळे आता हसतात, बोलतात. शांतीही बोलते.

गाठी मात्र ती अजून दोनच मारते.